एक अख्खं गाव लुटणारी चित्रकादंबरी

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेच्या उत्तर डाकोटा राज्यात कॉपर कॅनियन नावाचं एक गाव आहे. नकाशात शोधायला जाऊ नका, ते कादंबरीतलं गाव आहे. खाणकामगारांची वस्ती, भोवती उंच कडे आणि आत-बाहेर करायला एकच रस्ता. गावात बँका आहेत, सराफी दुकानं आहेत, खाणीच्या पगाराची रोकड आहे आणि रात्रीच्या पहाऱ्याला मोजकेच पोलीस. डझनभर माणसं एकत्र येतात आणि ठरवतात, की एखादी बँक किंवा एखादं दुकान नाही, एका रात्रीत सगळं गावच लुटायचं.

या ग्राफिक नॉव्हेलचं नाव 'द स्कोअर'. मूळ कादंबरी १९६४ सालची. ती लिहिली डोनाल्ड वेस्टलेक यांनी, रिचर्ड स्टार्क या टोपणनावाने. तिला चित्ररूप दिलं कॅनडाच्या डार्विन कुक यांनी, २०१२ साली. स्टार्कच्या पार्कर या व्यावसायिक दरोडेखोराच्या कादंबऱ्यांवर कुकनी ओळीने पुस्तकं केली. २००९ साली 'द हंटर', पुढच्या वर्षी 'द आउटफिट', मग 'द स्कोअर' आणि २०१३ साली 'स्लेग्राउंड'. काळोख्या गुन्हेगारी कथांच्या ज्या परंपरेला न्वार म्हणतात, त्या परंपरेतली ही मंडळी. आमच्या वाचनकट्ट्यावर 'द स्कोअर' आणि 'द हंटर' हातोहात फिरली आणि त्यावर असा वाद रंगला, की त्यातली मतं तुमच्यापर्यंत पोचवावीत असं मला मनापासून वाटलं.

सगळ्यात मोकळेपणाने दाद दिली ती बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी. ते म्हणाले, "तिजोरी फोडणं हे यातलं सोपं काम आहे हो. खरं काम आहे टेलिफोन एक्सचेंजचं." अगदी बरोबर. पार्करची टोळी आधी बँकेकडे वळत नाही. आधी पोलीस ठाणं, अग्निशमन केंद्र आणि टेलिफोन एक्सचेंज. काळ साठच्या दशकातला, फोन जोडून द्यायला एक्सचेंजमध्ये माणूस बसलेला. फोन जोडायचा तो स्विचबोर्ड ताब्यात आला, की गाव जगापासून तुटलं. ज्यांनी ट्रंक कॉल बुक करून तासन् तास वाट पाहिली आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडच्या तरुण वाचकांना मात्र ते सांगावं लागलं, आणि ऐकल्यावर त्यांनी ती पानं पुन्हा उघडून पाहिली.

मलाही या पुस्तकाचं खरं सुख तिथेच वाटतं. कामाची वाटणी कशी होते, कोणाला कुठे उभं करायचं, पळून गेल्यावर दडी कुठे मारायची, हे कुक घाई न करता दाखवतात. दरोड्याच्या गोष्टीत तयारीचा भाग कंटाळवाणा होण्याची भीती असते. इथे तयारी हीच गोष्ट आहे.

चित्रकला शिकणाऱ्या एका मुलीचं बोलणं सर्वांत जास्त वेळ चाललं, आणि चालायलाच हवं होतं. तिचा पहिला प्रश्न होता: रात्रीची गोष्ट नारिंगी रंगात का? कुकनी या मालिकेत काळ्या शाईबरोबर एकेकच रंग वापरला आहे. 'द हंटर'मध्ये तो निळसर आहे, न्यूयॉर्कच्या थंड फरशांना आणि धुराला शोभणारा. 'द स्कोअर'मध्ये मात्र ऊन खाल्लेल्या मातीचा, दिव्याच्या उजेडाचा नारिंगी. रात्र असूनही पान तापलेलं वाटतं. त्या मुलीने एक पान आमच्यासमोर धरलं आणि दाखवलं, की कुक सावलीची कडा रेषेने बांधतच नाहीत. ब्रशने काळा फटकारा मारतात, बाजूला तो एक रंग सोडतात आणि उरलेला कोरा कागद म्हणजे उजेड. कोटाची घडी, टोपीची कड, गाडीचा बंपर, सगळं एवढ्यावर उभं राहतं. कुक बॅटमनच्या कार्टून मालिकांसाठी स्टोरीबोर्ड, म्हणजे दृश्यांचे चित्रांतले कच्चे आराखडे, करत असत. कमी रेषांत माणूस हलता करायची सवय हाताला तिथलीच असणार.

'द हंटर'ची सुरुवात तर मी कोणालाही वाचायला देईन. पार्कर जॉर्ज वॉशिंग्टन पुलावरून चालत न्यूयॉर्कमध्ये शिरतो. अंगावर कळकट कपडे, खिसा रिकामा. पानांमागून पानं जवळजवळ शब्दच नाहीत, आणि त्याचा चेहराही बराच वेळ दिसत नाही. दिसते ती पाठ, हात आणि त्याच्याकडे वळून बघणारे लोक. मग तो एका सरकारी कार्यालयात जातो, वाहन परवान्याचा कोरा फॉर्म मिळवतो आणि त्यावरचा शिक्का साध्या पेनने हातानेच काढतो. तेवढ्या एका कागदाच्या जोरावर संध्याकाळपर्यंत त्याच्या अंगावर नवा सूट आलेला असतो. एकही संवाद नसताना हा माणूस काय आहे ते आपल्याला कळून चुकतं.

आता नाराजीबद्दल. ती खरी होती आणि मला ती झाकायची नाही. कट्ट्यावरच्या बहुतेक स्त्री-वाचकांनी एकच मुद्दा मांडला: या पुस्तकांतल्या बायकांना स्वतःचं मनच नाही. 'द स्कोअर'मध्ये टोळीतला ग्रोफील्ड, जो एरवी नाटकात काम करतो, एक्सचेंज सांभाळायला बसतो. तिथल्या ऑपरेटर मुलीवर पिस्तूल रोखलेलं आहे, आणि काही तासांत ती त्याच्याबरोबर निघून जायला तयार होते. 'द हंटर'मध्ये पार्करच्या बायकोच्या वाट्याला जे येतं ते तर वाचवत नाही. यावर कोणीतरी म्हणालं, साठच्या दशकातली गोष्ट आहे, तेव्हाचं लेखन असंच असे. मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. कुक हे २००९ साली, २०१२ साली काढत होते. काळ जुना ठेवण्याचा निर्णय त्यांचा होता आणि तो पोशाख, गाड्या, इमारती यांत उत्तम साधला आहे. पण त्या ऑपरेटर मुलीच्या मनात काय उलथापालथ झाली हे दोन चौकटींत दाखवता आलं असतं. ज्याच्या हाताला बिनशब्दांची पानं बोलकी करता येतात, त्याच्याकडून ही अपेक्षा नक्कीच करता येते.

दुसरी तक्रार मात्र मला पटली नाही. पार्कर कोरडा आहे, त्याला कोणाबद्दल काही वाटत नाही, अशा माणसात आपण का गुंतायचं? लहानपणी बाबुराव अर्णाळकर वाचलेले एक ज्येष्ठ वाचक म्हणाले, "आमचा काळा पहाड कायद्याबाहेरचा असला, तरी तो आपला वाटायचा. हा कोणाचाच नाही." त्यांचं निरीक्षण अचूक आहे. पार्कर गरिबांसाठी लुटत नाही, सूड म्हणूनही लुटत नाही. पैसे हवेत म्हणून लुटतो. पण 'द स्कोअर'चा सारा ताण याच कोरडेपणावर उभा आहे. ही कल्पना घेऊन येणारा एडगर्स नावाचा माणूस पैशांसाठी आलेला नाही. त्याच्या मनात काहीतरी खदखदतंय, आणि पार्करला पहिल्या बैठकीपासून त्याचा वास येतो. पुढे काय होतं ते सांगून मी तुमचा विरस करणार नाही. एवढंच सांगतो, की चोख आखलेल्या कामात भावना घेऊन शिरलेला माणूस किती घातक असतो, ते दाखवायला पार्कर असा कोरडाच असावा लागतो. तो मायाळू असता तर एडगर्स आपल्या डोळ्यांत भरलाच नसता.

एक गोष्ट सांगायलाच हवी. पार्करवर हॉलिवूडमध्ये आधी चित्रपट झाले होते. १९६७ साली आणि १९९९ साली 'द हंटर'वरच दोन झाले. पण त्यांत नायकाचं नाव पार्कर नव्हतं, कारण ते नाव वापरायची परवानगी वेस्टलेक देत नसत. कुकना त्यांनी ती दिली. आणि ३१ डिसेंबर २००८ रोजी वेस्टलेक गेले, पहिलं पुस्तक छापून येण्याच्या काही महिने आधी. कुकही २०१६ साली, अवघ्या ५३व्या वर्षी, कर्करोगाने गेले. पार्करच्या कितीतरी कादंबऱ्या त्यांच्या ब्रशखाली यायच्या राहून गेल्या, याची हळहळ मला आजही वाटते.

ज्यांना ही पुस्तकं हाती घ्यायची असतील त्यांनी 'द हंटर'पासून सुरुवात करावी, पण थेट 'द स्कोअर' उघडलं तरी काही अडत नाही, गोष्ट स्वतंत्र आहे. इंग्रजी सोपं आहे, वाक्यं छोटी आहेत. मारहाण आणि खून भरपूर आहेत, तेव्हा घरातल्या लहान मुलांच्या हाती मात्र हे देऊ नका. आणि 'द आउटफिट' वाचलंत तर मधल्या दरोड्यांची पानं जरूर थांबून पाहा. तिथे कुकनी चित्रांची शैलीच पुन्हा पुन्हा बदलली आहे. ते जमलंय की फसलंय, यावर आमच्या कट्ट्यावर अजून एकमत झालेलं नाही. मला विचाराल तर जमलंय. नमस्कार.