बासष्टचे आठ कसे झाले?

जानेवारी 2017. गरिबीविरुद्ध काम करणाऱ्या ऑक्सफॅम या संस्थेनं एक आकडा जाहीर केला. जगातल्या तळाच्या निम्म्या लोकांकडे मिळून जेवढी संपत्ती आहे, तेवढी फक्त आठ माणसांकडे आहे. आदल्या वर्षी हीच संस्था 62 माणसं म्हणाली होती. वर्षभरात 62 वरून थेट 8! भाषणांना आणि मथळ्यांना आणखी काय हवं?

त्या वर्षात तसं काही घडलं मात्र नव्हतं. गरिबांकडे नेमकं किती आहे, याची सुधारित माहिती हाती आली होती, एवढंच. ती आधीच मिळाली असती तर आदल्या वर्षीचा आकडा 62 ऐवजी 9 आला असता. हे खुद्द ऑक्सफॅमनंच सांगितलं होतं. पण 9 चे 8 झाले, यावर कोण टाळ्या वाजवणार?

या हिशोबात आणखी एक मेख आहे. इथे संपत्ती म्हणजे मालमत्ता वजा कर्ज. त्यामुळे शिक्षणासाठी मोठं कर्ज काढलेला श्रीमंत देशातला तरुण डॉक्टर कागदावर कफल्लक ठरतो. ज्याच्याकडे काहीच नाही आणि कर्जही नाही, अशा मजुराच्याही खाली जातो. विषमता खोटी आहे, असा याचा अर्थ नाही. कर्जाचा हा घोळ बाजूला ठेवला, तरी संपत्ती मूठभरांच्याच हाती दिसते. मुळातच जबर असलेली गोष्ट फुगवून का सांगावी, हे कोडं आहे.

आता पलीकडच्या, म्हणजे श्रीमंत पुरेसा कर भरतात असं म्हणणाऱ्या बाजूचा लाडका आकडा. अमेरिकेत वरचे एक टक्का लोक केंद्राच्या आयकरातला सुमारे 40 टक्के वाटा भरतात. खरं आहे. पण हा फक्त आयकर झाला. पगारातून कापला जाणारा सामाजिक सुरक्षेचा कर यात नाही, आणि तो कर एका मर्यादेच्या वरच्या पगाराला लागतच नाही. राज्यांचा विक्रीकरही यात नाही. शिवाय एकूण कमाईतला सुमारे पाचवा हिस्सा याच एक टक्क्याकडे जातो. हे वाक्य भाषणात गाळलं जातं.

गरिबीचंही तेच. दिवसाला 1.90 डॉलरची रेघ धरली, तर जागतिक बँकेच्या हिशोबानं 1990 मध्ये जगातले सुमारे 36 टक्के लोक तिच्याखाली होते, 2015 मध्ये 10 टक्के. फार मोठी गोष्ट आहे ही. पण त्याच 2015 मध्ये रेघ 5.50 डॉलरवर नेली, की जवळजवळ निम्मं जग तिच्याखाली सापडतं. ज्याला जी रेघ सोयीची, ती त्यानं धरावी.

लोकांना गणित येत नाही म्हणून हे खपतं, असं वाटेल. पण 2013 मध्ये डॅन कहान हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. उपाय लागू पडला की नाही, हे ज्यावरून ठरवायचं तो आकड्यांचा तक्ता एकच. काहींना सांगितलं, हा त्वचेच्या मलमाचा आहे. काहींना सांगितलं, बंदूकबंदीचा. मलमाच्या बाबतीत गणितात हुशार असलेले जास्त वेळा बरोबर आले. बंदुकीचा विषय निघताच तेच हुशार आपापल्या पक्षाच्या बाजूला झुकले, आणि गणितात कच्चे असलेल्यांपेक्षा अधिकच झुकले.

तज्ज्ञही एकमतानं बोलत नाहीत. पिकेटी, साएझ आणि झुकमन या अर्थशास्त्रज्ञांच्या मते अमेरिकेतल्या वरच्या एक टक्क्याचा उत्पन्नातला वाटा गेल्या काही दशकांत खूप वाढला. ऑटन आणि स्प्लिंटर हे दुसरे दोन अर्थशास्त्रज्ञ म्हणतात, कर आणि सरकारी मदत धरली तर 1960 च्या दशकापासून तो फारसा हललेलाच नाही. दोघांचीही सुरुवात करविवरणपत्रांपासूनच होते. वादाचं एक मोठं कारण म्हणजे लपवलेलं उत्पन्न. ते विवरणपत्रात नसतंच, मग ते कुणाच्या नावावर धरायचं? श्रीमंतांच्या किती आणि इतरांच्या किती? हे गृहीतक बदललं की आलेख बदलतो. अर्थशास्त्रज्ञ यावर अजून भांडताहेत, आणि त्यांचं भांडण निदान उघड आहे. प्रचारसभेत पोचतो तो फक्त आलेख, गृहीतकाशिवाय.