गरिबी मोजायची ती कशासाठी?

मंडळी, गरिबी मोजण्याच्या कामात पुण्याचा वाटा मोठा आहे, म्हणून सुरुवात इथूनच करते. 1971 साली गोखले अर्थशास्त्र संस्थेतून वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला. माणसाला दिवसाला 2250 उष्मांक पोटात घालायचे तर त्याचा एकूण खर्च किती असायला हवा, हा त्यांचा प्रश्न होता. 1960-61 च्या किमतींना उत्तर आलं, खेड्यात माणशी महिना 15 रुपये आणि शहरात साडेबावीस. पोट भरतं की नाही यावरून दारिद्र्याची रेषा आखणं हे त्या काळात मोठं धाडसाचं काम होतं. पुढे समित्या आल्या, रेषा सरकत गेली. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने 2011-12 ची रेषा निघाली ती खेड्यात महिना 816 आणि शहरात 1000 रुपये. खेड्यातले 816 म्हणजे दिवसाला सत्तावीस रुपये. त्यावर देशभर रान पेटलं, आणि ते योग्यच होतं.

पण रेषा सत्तावीसवरून चोपन्नवर नेली असती तरी एक प्रश्न सुटला नसता. गावात सातवीचा वर्गच नसेल, पावसाळ्यात पाड्यावर नर्सबाई पोचत नसतील, तर हातातल्या पैशातून या गोष्टी विकत कशा घ्यायच्या? अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन अनेक वर्षं हेच मांडत आले. माणसाकडे किती आहे एवढंच पाहू नका, त्याला काय करता येतं आणि कसं जगता येतं ते पाहा. सबिना अल्कायर आणि जेम्स फॉस्टर या अभ्यासकांनी त्यातून मोजणीची एक रीत बांधली. संयुक्त राष्ट्रांच्या 2010 च्या मानव विकास अहवालात ती वापरली गेली आणि नोव्हेंबर 2021 मध्ये नीती आयोगाने आपला राष्ट्रीय बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक काढला.

या रीतीचं गणित सोपं आहे. एकेका घराला बारा प्रश्न विचारायचे. पोषण, बालमृत्यू आणि गरोदरपणातली तपासणी हे आरोग्याचे. घरात कुणी सहा इयत्ता शिकलंय का आणि मुलं शाळेत जातात का, हे शिक्षणाचे. मग चुलीचं इंधन, संडास, पाणी, घर, वीज, घरातल्या वस्तू आणि बँक खातं, हे राहणीमानाचे. तिन्ही गटांना प्रत्येकी एक-तृतीयांश वजन. उणिवांच्या वजनांची बेरीज एक-तृतीयांश झाली की ते घर गरीब.

सगळी मोजणी एकाच घराची होते, आणि माझ्या मते या रीतीचा खरा जीव त्यात आहे. आपलं सरकार खात्याखात्यांनी पाहतं. पाणीपुरवठा खातं नळ मोजतं, महिला व बालविकास खातं कुपोषित मुलं मोजतं, शिक्षण खातं पटसंख्या मोजतं. प्रत्येकाची टक्केवारी सुधारते. पण ज्या घरात नळ नाही, तिथलंच मूल कुपोषित आहे का, आणि त्याच घरातली मुलगी पाणी भरण्यासाठी शाळा बुडवते का, हे तिन्ही कागद शेजारी ठेवूनही कळत नाही. उणिवा एकमेकींना धरून असतात. गरिबी किती घरांत आहे याच्या जोडीला ती किती दाट आहे, हेही या निर्देशांकात धरलं जातं. पाच उणिवांचं घर तीनवर आलं पण अजून गरिबांतच राहिलं, तरी निर्देशांक खाली येतो. रुपयांच्या रेषेला ही सुधारणा दिसत नाही.

मला त्यात खटकणाऱ्या गोष्टीही सांगते. बँक खात्याला आणि पिण्याच्या पाण्याला सारखंच वजन आहे, एकविसावा हिस्सा. शून्य रुपये शिल्लक असलेलं खातं आणि दोन मैलांवरची विहीर एका मापाने तोलणं मला मान्य नाही. दुसरं, घरातला एक मुलगा सहावी झाला की शिक्षणाच्या रकान्यात सगळं घर सुटतं. त्याची आई आणि बहीण निरक्षर असल्या तरी. घर एकक धरलं की घरातली बाई दिसेनाशी होते.

आकड्यांकडे येऊ. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणावरून महाराष्ट्रात बहुआयामी गरिबांचं प्रमाण 7.81 टक्के निघालं. नंदुरबार जिल्ह्यात मात्र सुमारे तिसरा हिस्सा लोक गरीब आहेत, आणि 2015-16 च्या मोजणीत तर निम्म्याहून जास्त होते. पण नंदुरबार म्हणजे तरी एक कुठे आहे? शहाद्याचं तापीकाठचं ऊस-केळीचं रान आणि अक्कलकुवा-धडगावचे सातपुड्यातले पाडे एकाच टक्केवारीत बसलेत. हे सर्वेक्षण जिल्ह्यामागे साधारण नऊशे घरं पाहतं. त्यातून तालुका काढता येत नाही, आणि निधी तर तालुक्यात खर्च करायचा असतो.

तालुका धरून काम होऊ शकतं, हे आपल्याच राज्यात दिसलंय. राज्य सरकारच्या मानव विकास मिशनने 22 जिल्ह्यांतले 125 तालुके निवडले, आणि निवडीचा एक निकष होता स्त्री साक्षरता. त्यातून मुलींसाठी शाळेच्या वेळेला धावणाऱ्या, फुकट प्रवासाच्या निळ्या एसटी बस आल्या. बाईच्या शिक्षणाचा आकडा पाहिला म्हणून मुलीसाठी बस सुचली. नुसतं दरडोई उत्पन्न पाहून ती कुणाला सुचली नसती.

आता ज्या माणसांपाशी ही सगळी मापं थिटी पडतात, त्यांच्याबद्दल. बीड, पाथर्डी, आष्टी, शिरूर कासार. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचलीची रक्कम एकदम हातात येते, म्हणून उत्पन्नाच्या हिशोबात ती त्या महिन्यात बरी दिसतात. प्रत्यक्षात ते कर्ज असतं आणि पुढचे पाच-सहा महिने ते अंगमेहनतीने फेडायचं असतं. राहायचं उसाच्या पाचटाच्या कोपीत. सर्वेक्षण गावातलं घर पाहतं: पक्की भिंत आहे, मीटर आहे, संडास आहे. कोपीत यातलं काहीच नाही. शाळेचा प्रश्न असा असतो की या शैक्षणिक वर्षात मूल शाळेत गेलं का. जूनला गेलं आणि नोव्हेंबरला सुटलं, तरी उत्तर ‘हो’.

2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीपुढे बीडमधल्या 82,309 ऊसतोड महिलांची माहिती आली. त्यातल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली होती. सहातली एक. खाडा पडला की दंड, पाळीच्या दिवसांत आडोसा नाही, दुखणं अंगावर काढायचं, आणि मग शस्त्रक्रिया. बारा प्रश्नांत हे कुठेच बसत नाही.

म्हणून निर्देशांक टाकून द्यावा असं मी मुळीच म्हणत नाही. कोलंबियाने 2011 मध्ये आपला 15 निकषांचा निर्देशांक सरकारी धोरणात आणला, आणि राष्ट्राध्यक्षांच्या बैठकीत एकेका निकषापुढे कोणतं खातं मागे पडलंय हे लाल-हिरव्या रंगांत मंत्र्यांसमोर ठेवलं जाऊ लागलं. आपला अहवाल मुख्यतः राज्यांची क्रमवारी म्हणून वाचला जातो.

आपल्याकडे तर यादीची सोयही आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी ग्रामसेवक कामगारांची नोंद करून ओळखपत्रं देतात. त्याच नोंदीत पाच प्रश्न वाढवावेत. कोणत्या कारखान्यावर चाललात? सोबत किती मुलं आणि कोणत्या इयत्तेतली? गावात हंगामी वसतिगृहात कोण राहणार? घरात कुणी गरोदर आहे का? उचल किती घेतली? ही यादी दसऱ्यापर्यंत गटविकास अधिकाऱ्याकडे आणि ज्या तालुक्यात कारखाना आहे तिथल्या आरोग्य व शिक्षण अधिकाऱ्यांकडे गेली पाहिजे. यंदाचा गाळप हंगाम सुरू होण्याआधी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्यात तरी हे करून पाहावं, अशी माझी जिल्हा परिषदेला विनंती आहे.