हातावरची घाममाशी

मे महिन्यात कान्हेरीच्या पायऱ्या चढून वर जरा टेकलात की हातावर काहीतरी बारीक येऊन बसतं, गुदगुल्या होतात, आणि आपण फटकन मारतो. किती जणांनी मारलीय? हात वर करा. बघा, जवळजवळ सगळेच! तो डास नव्हता हो, ती मधमाशीच्याच नात्यातली, स्वेट बी. मी घाममाशी म्हणते. तिला आपल्या घामातलं मीठ हवं असतं, बाकी आपल्याशी काही भांडण नाही. बोटाखाली दाबली गेली तरच मादी डंख मारते, तोही हलकाच.

ओळखायची कशी ते सांगणारच आहे, पण आधी आमच्या बिल्डिंगमागचं सांगू दे.

मुलुंडला आमच्याकडे कढीपत्त्याच्या झाडाशेजारी थोडी उघडी जमीन होती, घट्ट, ऊन पडणारी. मार्चमध्ये तिथे मातीचे इवलेसे ढीग दिसायला लागले, मधोमध भोक, बॉलपेनची रिफिल जाईल एवढं. वॉचमनकाका म्हणाले, मुंग्या आहेत मॅडम. मी पाट घेऊन बसलेच. एक भोक काळं बटण लावल्यासारखं बंद होतं, आणि मग ते बटण हललं. डोकं होतं ते! पहाऱ्यावरची माशी. बाहेरून एखादी मागचे पाय पिवळे करून आली की हे डोकं आत सरकायचं, ती आत गेली की परत दाराशी. मुंगी आली की हलायचंच नाही. रोज सकाळचा चहा मी तिथेच प्यायचे.

मग कमिटीला पेव्हर ब्लॉक हवे झाले. मी मीटिंगला फोटो घेऊन गेले, म्हटलं एवढी दोन हात जागा सोडा, ह्या पोळं लटकवत नाहीत, कुणाच्या मागे लागत नाहीत. पण 'माशी' एवढंच ऐकलं गेलं. आधी फवारणी, मग ब्लॉक. त्या वेळी फुलांवर गेलेल्या काही वाचल्या, त्या परत येऊन ब्लॉकवर घिरट्या घालत होत्या, पायाला पराग तसाच, फटीफटीत डोकं घालून बघत होत्या. मला अजून आठवलं की पोटात कालवतं. आपण झाडं लावतो ते चांगलंच आहे, पण ह्यातल्या बहुतेकींना घरासाठी उघडी मातीच लागते.

पाच मिनिटंच राहिली म्हणताय? बरं, पटापट. हॅलिक्टिडी हे कुळ, जगात जवळपास ४,५०० जाती. आधी पंख बघा, चार असले तर माशी आपल्या कामाची, दोनच असले, डोळे मोठे आणि शिंगं आखूड असली तर ती फुलमाशी. सातेरी आणि फुलोरी ह्या मधमाश्यांच्या मागच्या पायावर परागाची ओलसर गोळी असते, हिच्या पायावरच्या केसांत पराग कोरडा, भुकटीसारखा. पोटावर मोत्यासारखे चमकणारे निळे-हिरवे पट्टे दिसले तर बहुतेक नोमिया ह्या घाममाश्यांच्या गोतावळ्यातली. आणि पक्की खूण म्हणजे पुढच्या पंखात बुडाजवळची शीर, बहुतेकींमध्ये धनुष्यासारखी वाकलेली, म्हणून फोटो काढताना एक तरी पंखाचा घ्या. जात मात्र फोटोवरून छातीठोक सांगू नका, त्याला मायक्रोस्कोपच लागतो.

वांगं राहिलंच! वांग्याचा पराग फुलातल्या नळ्यांच्या टोकाच्या भोकांतून पडतो, नोमियासारख्या माश्या अंग थरथरवून तो झाडतात, सातेरीला ते जमत नाही. मागे टेबलावर फुललेली वांग्याची कुंडी आणि ट्यूनिंग फोर्क ठेवलाय. फुलाखाली काळा कागद धरा आणि फोर्क वाजवून लावा, पिवळी भुकटी पडते ती तुम्हीच बघा.