एलईडी दिवा कशाने टिकतो, कशाने जातो

मंडळी, हा बंद पडलेला नऊ वॉटचा बल्ब जवळून बघा. वरची पांढरी टोपी काढली आहे. आत अ‍ॅल्युमिनियमची गोल चकती आणि तिच्यावर दहा-बारा पिवळे चौकोन आहेत. त्यातल्या एकाच चौकोनावर मोहरीएवढा काळा ठिपका दिसतो, बाकीचे सगळे धड आहेत. पण ते एकाच माळेत जोडलेले असल्यामुळे एक तुटला की वीज पुढे जात नाही आणि सगळा बल्ब विझतो. खोक्यावर २५,००० तास छापलेले असतात आणि बल्ब एक पावसाळासुद्धा काढत नाही, ही तक्रार घरोघरी आहे. ती खरी आहे आणि तिची कारणंही ठाऊक आहेत.

आधी बचतीचा हिशेब करू. जुना ६० वॉटचा तारेचा बल्ब रोज पाच तास जळला, तर वर्षाला सुमारे ११० युनिट लागतात. तेवढाच, किंबहुना थोडा जास्तच उजेड नऊ वॉटचा एलईडी १६-१७ युनिटांत देतो. म्हणजे एका दिव्यामागे ९३ युनिट वाचतात. तांब्याच्या चोकवर चालणारी जुनी चाळीस वॉटची पट्टी (ट्यूबलाइट) चोक धरून पन्नासच्या पुढे जाते, तिच्या जागी वीस वॉटची एलईडी पट्टी पुरते. गोव्याची बहुतेक वीज राज्याबाहेरच्या केंद्रांतून, लांबच्या तारांवरून येते. त्यामुळे इथे वाचलेलं युनिट मोलाचं आहे.

ही बचत निळ्या प्रकाशामुळे शक्य झाली. लाल एलईडी १९६२ सालीच निक होलोन्याक यांनी करून दाखवला होता, पण लाल आणि हिरव्यापासून पांढरा उजेड होत नाही. निळ्यासाठी गॅलियम नायट्राइडचा स्वच्छ स्फटिक हवा होता आणि तो वाढवायला जुळणारा पाया मिळत नव्हता. जपानमध्ये इसामु अकासाकी आणि हिरोशी अमानो यांनी नीलमण्याच्या चकतीवर आधी एक पातळ थर देऊन तो स्फटिक वाढवला. शुजी नाकामुरा यांनी नुसत्या उष्णतेने स्फटिकातला नको असलेला हायड्रोजन घालवून दाखवला आणि १९९३ मध्ये झगझगीत निळा दिवा बाजारात आला. तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. हे पिवळे चौकोन म्हणजे त्याच निळ्या चिपवरचा लेप. थोडा निळा उजेड लेपातून पार होतो, उरलेल्याचा लेप पिवळा करतो आणि डोळ्याला दोन्ही मिळून पांढरं दिसतं.

आता बल्ब का जातो ते पाहू. तारेचा बल्ब आपली उष्णता किरणांच्या रूपाने समोर फेकत असे, म्हणून त्याच्याखाली हात धरला तर चटका बसे. एलईडीची उष्णता मात्र मागे, चकतीतून बुडाकडे जाते. आणि बुडात बसलेला असतो ड्रायव्हर, म्हणजे घरातल्या २३० व्होल्टचा चिपला पचेल असा प्रवाह करून देणारं सर्किट. ड्रायव्हरमधला सर्वांत नाजूक भाग म्हणजे नळकांड्यासारखा कपॅसिटर. त्याच्या आत द्रव असतो आणि तो उष्णतेने हळूहळू सुकतो. दहा अंश तापमान वाढलं की आयुष्य निम्मं, हा त्याचा ढोबळ नियम. १०५ अंशांना २,००० तासांचा कपॅसिटर ९५ अंशांना ४,००० तास टिकेल, म्हणजे रोज पाच तास लावला तर जेमतेम सव्वादोन वर्षं. तोच ७५ अंशांवर राहिला तर १६,००० तास देतो. सगळा फरक वीस अंशांचा आहे.

म्हणून बल्कांवातल्या (घरापुढच्या ओसरीतल्या) काचेच्या बंद गोलात किंवा छतात गच्च बसवलेल्या डब्यात नऊ-बारा वॉटचा बल्ब घालू नये. बंद गोलच हवा असेल तर पाच वॉटचा घ्या, किंवा खोक्यावर बंद फिटिंगला चालतो असं लिहिलेलाच घ्या. खरेदी करताना वॉटपेक्षा लुमेन, म्हणजे उजेडाचं माप बघा: नऊ वॉटला ९०० च्या आसपास हवेत. बल्ब हातात जोखूनही बघा. फार हलका असेल तर आत उष्णता ओढणारं अ‍ॅल्युमिनियम कमी आहे, असा अंदाज करता येतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यात उजेडाचे पट्टे सरकताना दिसले, तर ड्रायव्हरमध्ये कपॅसिटरची काटकसर केलेली आहे आणि दिवा नकळत लुकलुकतो. अभ्यासाच्या टेबलावर तसला दिवा नको.

दुसरी अडचण वायरिंगची. बटण बंद केलं तरी बल्ब मिणमिणतो, ही नेहमीची तक्रार. बटण फेजवर (वीज आणणाऱ्या तारेवर) नसून न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) बसवलेलं असलं की असं होतं. बटण बंद ठेवून होल्डर टेस्टरने तपासा. टेस्टर पेटला तर इलेक्ट्रिशियनकडून बटण फेजवर बसवून घ्या, कारण बल्ब बदलणाऱ्याला त्याच होल्डरमधून झटका बसू शकतो. बटणावर लाल इंडिकेटर असला तरी बारीक प्रवाह झिरपत राहतो, पण तो त्यामानाने निरुपद्रवी. जुन्या फ्रेममध्ये एलईडी पट्टी बसवताना आधी मेन बंद करा, मग चोक आणि स्टार्टर काढा आणि पाकिटावरच्या चित्राप्रमाणे तार जोडा. काही पट्ट्यांना वीज एकाच टोकाने द्यायची असते, काहींना दोन्ही टोकांनी. यात अंदाज चालत नाही.

आणि आपला पावसाळा. वादळात फांदी पडून तारेवरचा न्यूट्रल तुटला, तर घरात २३० ऐवजी चारशेच्या जवळ व्होल्ट येऊ शकतात. ड्रायव्हरमधले कपॅसिटर बहुधा ४०० व्होल्टचे असतात, आणि २३० व्होल्ट डीसी केल्यावरच ३२५ होतात. चारशेचे साडेपाचशे झाले की कपॅसिटर फुगून फुटतो. अचानक दिवे झगझगले आणि पंखे जोरात फिरू लागले तर तत्काळ मेन पाडा आणि वीज खात्याला कळवा. डीबीत, म्हणजे मेन स्विचच्या पेटीत, ओव्हर-व्होल्टेज कटऑफ बसवलेला असेल तर तो हे काम आपोआप करतो.

अंगणातल्या फिटिंगला निदान आयपी ६५ (धूळ-पाणी अडवण्याचा दर्जा) हवं. तरीही पाणी शिरतं, कारण तापलेलं फिटिंग पहिल्या सरीने गार झालं की आतली हवा आकसते आणि दमट हवा ओढून घेते. केबल खालून आत न्या आणि आत जाण्यापूर्वी तिला खाली झोळ द्या, म्हणजे थेंब तिथूनच गळेल. किनाऱ्याजवळ स्क्रू ३१६ स्टेनलेसचेच वापरा, साधे स्क्रू खाऱ्या वाऱ्यात गंजून जातात.

एक गोष्ट मनाला लागते ती सांगतो. दिवा स्वस्त झाल्यावर नको तिथेही उजेड होऊ लागला आहे. मोरजी, आगोंद, गालजीबाग या गोव्यातल्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडली कासवं अंडी घालतात. पिल्लं वाळूतून वर आली की सर्वांत उजळ क्षितिजाकडे धावतात, आणि काळोख्या किनाऱ्यावर ते क्षितिज समुद्राचं असतं. मागे पांढरा दिवा लागला की ती रस्त्याकडे जातात. पांढऱ्या एलईडीत निळा भाग भरपूर असतो आणि तोच त्यांना सर्वाधिक भुलवतो. त्यामुळे किनाऱ्यालगतच्या घरांनी आणि शॅकनी कासवांच्या अंडी-पिल्लांच्या महिन्यांत अंबर (पिवळट-नारिंगी) रंगाचे दिवे लावावेत, ते कमरेखाली बसवावेत, समुद्राच्या बाजूला पत्र्याचा आडोसा करावा आणि काम नसेल तेव्हा टायमरने बंद ठेवावेत.