हेल्मेट उलटं करून बघा

नमस्कार. समोर खाली बसलेली पोट्टी, मागे उभे असलेले त्यांचे आईबाबा, दाराजवळ खुर्ची टाकून बसलेल्या आजी, सगळ्यांना नमस्कार. टेबलावर ही नऊ सुपरहिरोंची हेल्मेटं मांडलीत, मी बोलत असताना खुशाल हातात घ्या, हाताळायलाच आणलीत. फक्त एक करा, हातात घेतलं की पहिले उलटं करा आणि आतून बघा, बाहेरून तर सगळेच बघतात.

मी दारव्ह्याला डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो, म्हणजे ठोकलेली दारं, चेपलेले बंपर, बुलेटच्या टाक्या. सुपरहिरोंच्या हेल्मेटचा नाद बारा वर्षांपासूनचा आहे. यातली तीन विकत घेतलेली आहेत, हॅस्ब्रो कंपनीच्या मार्व्हल लेजेंड्स सिरीजमधली, ती खऱ्या डोक्याच्या मापाची असतात, डोळ्यांत लाईट लागतो. बाकीची सहा मी बनवलीत.

सोंग घेऊन मिरवायच्या या छंदाला कॉस्प्ले म्हणतात. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथा वाचणाऱ्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं होतं, तिथे फॉरेस्ट अॅकरमन नावाचे एक गृहस्थ आणि त्यांची मैत्रीण, मोरोजो म्हणायचे तिला, असे दोघं भविष्यातल्या माणसांचे कपडे घालून आले, आणि ते कपडे शिवले होते मोरोजोबाईंनी. नाव अॅकरमनचं जास्त घेतल्या जाते, म्हणून शिवणारीचं मी मुद्दाम घेतो. कॉस्प्ले हा शब्द मात्र जपानचा, नोबुयुकी ताकाहाशी नावाच्या पत्रकाराने १९८० च्या दशकात काढलेला. भारतात दिल्लीला २०११ मध्ये पहिलं कॉमिक कॉन, म्हणजे कॉमिकच्या शौकिनांची जत्रा, झालं आणि तिथून आपल्याकडचे पोट्टे उघडपणे हे करायला लागले.

पण सोंग घेणं आपल्याले कोणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नव्हती. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, म्हणजे वाईटाचा मोठा पुतळा, १८८० च्या दशकापासून निघते, बांबूचा सांगाडा, त्यावर कागद, वरून रंग, सोबत बडगे म्हणजे पुरुषाचे पुतळे. हेल्मेटची पद्धत हीच तर आहे, सांगाडा, कागद, रंग. आणि त्याच दिवशी आपल्या गावागावात तान्हा पोळा असते, लाकडी नंदी घेऊन लेकरं निघतात, कोणी शिवाजी महाराज, कोणी झाशीची राणी, आणि आता पाच-सात वर्षांपासून आयर्न मॅन, स्पायडरमॅन. मले ते पाहून खूप आनंद होते, खरं सांगतो.

माझं पहिलं हेल्मेट आजीनं केलं असं म्हटलं तरी चालेल. आपल्याकडे बाया कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करायच्या ना, माझी आजी लय करायची. जुने पेपर, पोरांच्या संपलेल्या वह्या, फाडून दोन-तीन दिवस पाण्यात, मग उखळात कुटायचं, मेथी भिजवून पाट्यावर वाटून त्यात मिसळायची. मेथीनं लगदा चिकट होते आणि तिच्या कडूपणानं कीड लागत नाही. गाडगं पालथं घालून त्यावर हातानं थापत जायचं, उन्हात वाळलं की सोडवायचं, आतून-बाहेरून परत एक हात फिरवायचा. ते टोपलं धान्य भरून भरून दहा-दहा वर्षं टिकते. मी आयर्न मॅनचं डोकं करायचं म्हणून इंटरनेटवर पाहून राहिलो होतो, रेझिन पाहिजे, म्हणजे ओतल्यावर कडक होणारं पातळ प्लास्टिक, फायबरची मॅट पाहिजे, पैसे कुठून आणायचे, तर आजी म्हणे, "काय करून रायला रे बाबू? दाखव मले थे चित्र." तिनं मोबाईलवरचं चित्र पाहिलं आणि म्हणे, "हे तं टोपलंच आहे, याले फक्त डोळे काढाचे आहे."

मग गाडग्यावर प्लास्टिकची पिशवी ताणून आम्ही दोघांनी लगदा थापला. वाळल्यावर गालाचे, हनुवटीचे तुकडे कार्डशीटचे जोडले, त्यावर परत लगदा, मग माझं नेहमीचं काम सुरू झालं, पुट्टी, एकशेवीसचा पॉलिश पेपर, मग दोनशेवीस, प्राइमर, चारशेचा वॉटर पेपर हलक्या हातानं, सिल्व्हर बेस आणि त्यावर पारदर्शक लाल. चांगल्या गाडीला मारतो तोच रंग. आयर्न मॅन १९६३ मध्ये कॉमिकमध्ये पहिल्यांदा आला तेव्हा राखाडी होता हे माहित आहे का? लगेच पुढच्या वेळी सोनेरी झाला आणि त्याच वर्षाच्या शेवटाला लाल-सोनेरी. तर ते लाल-सोनेरी असं चमकलं की गॅरेजमध्ये लोक कामं सोडून पाहायला आले.

तान्हा पोळ्याला ते मी भाच्याच्या डोक्यावर ठेवलं. तेव्हा तो आठ वर्षांचा होता. मारुतीच्या पाराजवळून लाईन निघाली, सगळे फोटो काढून राहिले होते, आणि शाळेपर्यंत पोचायच्या आतच त्यानं माझी पँट ओढली, "मामा, मले दम लागून रायला." हेल्मेट काढलं तर तोंड लालबुंद, केस पाण्यात बुडवल्यासारखे ओले, कपाळावर मधोमध वळ उठलेला. उन्हातून पाऊस, पावसातून ऊन असा तो महिना, हवेत दमटपणा केवढा, आणि मी त्या लेकराच्या तोंडावर एक बंद मडकं ठेवलं होतं. नाकासमोर एक भोक नव्हतं. घरी आणून वजन केलं तर एक किलो चारशे ग्रॅम. त्या रात्री मी ते पहिल्यांदा उलटं करून आतून पाहिलं. बाहेर आरसा होता आणि आत ओबडधोबड लगदा, कार्डशीटची टोकं वर आलेली.

हेल्मेट आतून सुरू करायचं हे त्या रात्रीपासूनचं. मी ज्या कोणाले शिकवतो त्याले पहिले दोन दिवस रंगाचं नाव काढू देत नाही.

तो वळ का उठला हे सांगतो, कारण ही चूक सगळे करतात. ५७ सेंटीमीटर घेर असलेलं डोकं गोल धरलं तर १८ सेंटीमीटर रुंद, आणि मी बरोबर तसंच घेराच्या हिशोबानं गाडगं निवडलं होतं. पण माणसाचं डोकं गोल नसते, वरून पाहिलं तर अंड्यासारखं, कपाळापासून मागेपर्यंत लांब आणि कानाजवळ अरुंद. म्हणून गोल हेल्मेट कपाळाला आणि मागे दाबते, कानाजवळ हलते, मग ते हलू नये म्हणून आपण अजून कापूस कोंबतो, आणि कपाळ अजून दाबल्या जाते. तर घेर मोजा, कपाळ ते मागचं हाड ही लांबी मोजा, कानावरची रुंदी मोजा, हनुवटी ते टाळू ही उंची मोजा, आणि सगळीकडे आतल्या गादीसाठी दीड-दोन सेंटीमीटर जास्त धरा. पेपाकुरा म्हणून जपानी सॉफ्टवेअर आहे, ते आकार उलगडून कागदावर छापता येईल असे तुकडे पाडून देते, झेरॉक्सच्या दुकानातून कार्डशीटवर प्रिंट काढता येते, पण त्यातही ही मापं टाकल्याशिवाय प्रिंट काढू नका, नाहीतर कोण्या दुसऱ्याच्या डोक्याचं हेल्मेट बनते.

लहान मुलासाठी आता मी लगदा वापरत नाही, फोम वापरतो. इव्हीए फोम म्हणतात, म्हणजे चपलेच्या सोलचा, चप्पल दुरुस्तीवाल्याकडे त्याच्या शीट मिळतात. कपाळाला पाच मिलिमीटरचा, जिथे आकार उठून दिसायला पाहिजे तिथे दहाचा. चिकटवायला त्याच्याकडचंच सोल्यूशन, दोन्ही बाजूला लावायचं, पंधरा मिनिटं वाळू द्यायचं, बोटाला चिकटणं बंद झालं की जोडायचं, आणि जोडताना एकदाच जोडायचं कारण मग हलत नाही. सोल्यूशनचं काम अंगणातच करा, बंद खोलीत डोकं गरगरते. हीट गननं, म्हणजे गरम हवा फेकणाऱ्या मशीननं, फोम तापवून गुडघ्यावर वाकवला की तो आकार धरून राहते. हे निळं हेल्मेट उचलून पहा, साडेतीनशे ग्रॅम आहे.

थ्रीडी प्रिंटबद्दल बरेच जण विचारतात. सुंदर निघते, वाद नाही, पण स्वस्तातला जो पीएलए प्लास्टिक असते तो साठ डिग्रीच्या आसपास नरम पडते. आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री सावलीत असते, बंद गाडीत साठ सहज पार होते. एका मित्राचं प्रिंट केलेलं हेल्मेट बोलेरोच्या डॅशबोर्डवर एक दुपार राहिलं आणि हनुवटी खाली लोंबली. आपल्या भागात राहायचं तर पीईटीजी नावाचं दुसरं प्लास्टिक वापरा, तो ऐंशीपर्यंत दम धरते. पॉलिस्टर रेझिनचंही तसंच, पुस्तकात लिहिलेलं हार्डनरचं, म्हणजे ते कडक करणाऱ्या औषधाचं, प्रमाण उन्हाळ्यात भर दुपारी वापरलं तर डब्यातच घट्ट होते आणि वाफा निघतात, म्हणून पहाटे करा, हार्डनर कमी घाला, मास्क लावून करा, आणि लेकरांनी तर रेझिनला हातच लावू नये.

हवेचं बघा. श्वास गरम असते, गरम हवा वर जाते. म्हणून हनुवटीखाली मोकळं ठेवायचं आणि टाळूच्या मागे, कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी भोकं पाडायची, तिथे चाळीस मिलिमीटरचा पाच व्होल्टचा छोटा पंखा हवा बाहेर फेकेल असा बसवायचा, पॉवर बँकवर चालते. डोळ्यांच्या जागी काळी जाळी लावली तर आतून दिसते आणि बाहेरच्याला डोळे दिसत नाहीत, कारण आत अंधार असते. खाली पायाजवळचं दिसलं पाहिजे हे तपासा, लेकरं रस्त्यानं चालणार आहेत.

सिनेमावाल्यांनाही हे जडच गेलं. १९८९ च्या बॅटमॅनमध्ये मायकल कीटनच्या मुखवट्यात मान वळत नव्हती, आजूबाजूला पाहायचं तर खांद्यासकट अख्खं अंग वळवायचा. मान वळवता येईल असा, डोकं आणि मान वेगळी असलेला मुखवटा ख्रिश्चन बेलला मिळाला २००८ मध्ये. एवढा पैसा, एवढे कारागीर, आणि मान वळायला एकोणीस वर्षं लागली. म्हणून तुमचं पहिलं हेल्मेट फसलं तर फेकू नका, ठेवा, दुसरं करताना त्याच्याकडे पहा.

जमवणाऱ्यांसाठी थोडंसं. विकतच्या हेल्मेटमधले सेल काढून ठेवा, आपल्या उन्हाळ्यात ते पाझरतात आणि सर्किट खातात. उन्हात मांडू नका. आतल्या गाद्यांचा साधा स्पंज काही वर्षांत भुगा होऊन पडते, तो बदलायचाच असते.

आणि हे मी मागे उभ्या असलेल्या मोठ्या पोट्ट्यांकडे बघून बोलतो. यातलं एकही हेल्मेट गाडीवर घालायचं नाही, नाक्यापर्यंतही नाही. गाडीच्या हेल्मेटमध्ये आत जो जाड थर्माकोलसारखा थर असते तो दबून मार खाते, म्हणून डोकं वाचते, आणि तपासणीत पास झालं तरच त्याले आयएस ४१५१ या सरकारी मानकाचा आयएसआय मार्क मिळते. माझ्या हेल्मेटमध्ये ते काही नाही. आणि उलटंही करू नका, गाडीचं चांगलं हेल्मेट कापून, भोकं पाडून त्याचा आयर्न मॅन करू नका, कापलं की त्याची ताकद गेली. मी गॅरेजवाला आहे, ठोकलेल्या गाड्या माझ्याकडे येतात, कोणाची गाडी कशी आली आणि माणूस कुठे गेला हे मले माहित असते.

बस, बोलणं झालं. तान्हा पोळ्याला अजून दीड महिना आहे, फोमच्या शीट आणल्या आहेत, टेलरचा टेप आणला आहे. एकेक जण इकडे या, मापं वहीत नावासमोर लिहून घेऊ. तू ये पहिले. चष्मा काढू नको बेटा, चष्म्यासकट मोजायचं, तू चष्मा घालूनच चालणार ना त्या दिवशी.