ॲम्ब्युलन्सचं टेंडर भरताना छोटा ठेकेदार नेमका कुठे फसतो?

[टेबलावर टेंडरची जाडजूड फाइल, शेजारी जळालेल्या वायरचा तुकडा]

नमस्कार मंडळी. आधी हा तुकडा बघा, कॅमेऱ्याजवळ धरतो. इथे वरचं प्लास्टिक खरवडून गेलंय आणि आतलं तांबं काळं पडलंय. इंजिनाकडून केबिनमध्ये येणारी ही वायर पत्र्याच्या भोकातून नेली होती, आणि त्या भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेवर बसवायचं रबरी कडं, नव्हता. गाडी धावली की पत्रा थरथरतो, भोकाची कडा करवतीसारखी वायरवर घासत राहते. एक दिवस तांबं पत्र्याला टेकलं. फ्यूज होता, नाही असं नाही. पण तो बॅटरीजवळ नव्हता, पार आत केबिनमध्ये. टेकलेली जागा बॅटरी आणि फ्यूजच्या मध्ये आली, त्यामुळे फ्यूज जागचा हललाही नाही. जळायचा वास आला म्हणून ड्रायव्हरने गाडी थांबवली, एवढंच नशीब.

काम आमच्याकडचं नव्हतं, दुरुस्तीला आमच्याकडे आलं होतं. पण ज्याने केलं तो काही अडाणी नसणार. ग्रोमेट लावायला आणि फ्यूज योग्य जागी घ्यायला जो वेळ लागतो, तो त्याने दरात धरलेला नव्हता. आजचा व्हिडिओ त्या वेळेवर आहे.

पोलिसांची गाडी, ॲम्ब्युलन्स, अग्निशमन दलाची जीप या कारखान्यातून साध्याच बाहेर पडतात. लाइटबार, सायरन, वायरलेस, स्ट्रेचरची पट्टी, कपाटं हे सगळं नंतर चढतं, आणि त्याचं टेंडर निघतं. आता सामानाच्या भावात मोठ्यांशी झुंजू नका. ते शेकड्यात माल उचलतात, तुम्ही दहा नग घेणार. तो खेळ तुमचा नाहीच. तुमचा हिशोब तासांत आहे. एका गाडीचं छताचं अस्तर उतरवायला किती तास, वायर ओढायला किती, सगळं परत बसवून एकही क्लिप न मोडता बंद करायला किती, आणि तपासणीला माणूस किती वेळा पाठवावा लागणार? हे ज्याच्या वहीत लिहिलेलं नाही, त्याने लाइटबारचा भाव कितीही घासाघीस करून आणला तरी उपयोग नाही.

[फळ्यावर आकडे]

एक उदाहरण घेऊ. टेंडरमध्ये ओळ असते, 'योग्य क्षमतेची वायर वापरावी'. योग्य म्हणजे किती? समजा मागच्या बाजूला ३० अँपिअर न्यायचे आहेत आणि अंतर ६ मीटर. जाणं आणि येणं धरून १२ मीटर तांबं. ६ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर मीटरला साधारण ३.१ मिलिओहम रोध. गुणाकार करा, जवळपास १.१ व्होल्ट वाटेतच खर्च झाले. १६ चौरस मिलिमीटरची घेतली तर ही घट ०.४ व्होल्टवर येते. ६ ची वायर ३० अँपिअरला जळणार नाही, त्यामुळे कागदावर दोन्ही 'योग्य'च. पण इंजिन बंद आहे, बॅटरी १२ व्होल्टला आली आहे आणि त्यातले १.१ गेले, तर मागे १०.९ च पोचतात. वायरलेसवर बोलायचं बटण दाबलं की सेट सगळ्यात जास्त करंट ओढतो. म्हणजे नेमका बोलायच्या वेळीच तो मान टाकणार.

आता बघा, तुम्ही इमानदारीने १६ ची वायर धरून दर भरलात आणि शेजारच्याने ६ ची धरली. टेंडर त्यालाच जाणार. मग चडफडत बसायचं का? तर नाही. निविदापूर्व प्रश्नांची मुदत असते ना, त्यात लेखी विचारायचं: 'पूर्ण भारावर जास्तीत जास्त किती व्होल्टेज घट चालेल?' बहुतेक ठिकाणी अशा प्रश्नाचं उत्तर शुद्धिपत्रकात, म्हणजे टेंडरमध्ये नंतर केलेल्या बदलांच्या कागदात, येतं आणि ते भरणाऱ्या प्रत्येकाला लागू होतं. एका प्रश्नात शेजाऱ्याची पातळ वायर बाद झाली. छोट्या माणसाच्या हातात याहून चांगलं हत्यार मी तरी पाहिलेलं नाही, आणि ते फुकट आहे. तरी निम्मे लोक प्रश्न विचारत नाहीत. का, तर 'अधिकाऱ्याला राग येईल'. अहो, मोघम ओळ लिहिणाऱ्यालाही बऱ्याचदा कुणीतरी विचारलेलं हवंच असतं.

अल्टरनेटरचंही, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राचंही, तेच. त्याच्यावर १५० अँपिअर लिहिलेलं असतं, पण ते इंजिन जोरात फिरत असताना. रस्त्यावर अपघाताच्या ठिकाणी गाडी तासभर जागेवर उभी असते, दिवे चालू, वायरलेस चालू, ॲम्ब्युलन्स असेल तर एसी पण. तेव्हा त्या आकड्याचा बराच भाग हाती लागत नाही. म्हणून विचारा, भाराचा तक्ता, म्हणजे कोणतं सामान किती करंट ओढतं त्याची यादी, कोणत्या स्थितीचा हवा, धावत्या गाडीचा की उभ्या?

एअरबॅग उघडते ती जागा मोकळी सोडणं आणि एकूण वजनाची मर्यादा, या दोन गोष्टी वाहन उत्पादकाच्या बॉडी बिल्डरसाठीच्या पुस्तिकेत असतात. ती वाचा. यावर इथे जास्त वेळ घालवत नाही.

प्रमाणकांचे क्रमांक मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. फाइली जुन्यावरून नव्या उतरवल्या जातात. अमेरिकेतलं अग्निशमन गाड्यांचं एनएफपीए १९०१ हे प्रमाणक २०२४ च्या आवृत्तीत एनएफपीए १९०० मध्ये विलीन झालं. तरी एखाद्या कागदात जुना क्रमांक दिसला, तर कोणत्या आवृत्तीवर तपासणी होणार ते आधी लिहून घ्या. माल तयार झाल्यावर हा वाद काढलात तर खर्च तुमच्याच अंगावर पडतो.

माझी एक फजिती सांगतो. टेंडरमध्ये आधी कागदपत्रांचा तांत्रिक लिफाफा उघडतात, तो पास झाला तरच दराचा. एका कामाला आमचा तांत्रिक लिफाफाच बाद झाला. दर उघडलाच गेला नाही. का, तर शेवटच्या शुद्धिपत्रकाच्या पानावर सही-शिक्का राहिला होता. त्यात बदल काय होता म्हणाल, तर फक्त तारीख! चार रात्री जागून केलेली आखणी एका सहीपायी गेली. तेव्हापासून फाइलच्या पहिल्याच पानावर शुद्धिपत्रकांची यादी लावतो आणि शेवटची खूण बायको करते, कारण मला माझीच चूक दिसत नाही.

पैशाचं अजून एक. बयाणा अडकतो, काम मिळालं की सुरक्षा ठेव अडकते, सामान उधारीवर आणलेलं, आणि बिल निघणार सगळ्या गाड्या पास झाल्यावर. त्यात गाड्याच दोन महिने उशिरा आल्या तर? वीस गाड्या एकदम दारात उभ्या, मुदत तीच आणि दंडाचं कलमही तेच. काम चांगलं येणारी माणसं यात बुडालेली मी बघितली आहेत. म्हणून हाही प्रश्नच करा: मुदत गाडी आमच्या ताब्यात आल्यापासून मोजणार का? पाच-पाच गाड्यांचं बिल वेगळं निघेल का? उत्तर 'नाही' आलं तर मी ते टेंडर सोडतो. त्यापेक्षा चार वेगवेगळ्या मॉडेलच्या गाड्यांचं, जुन्या गाडीतलं सामान काढून नव्यात चढवायचं किचकट काम बघतो. मोठ्यांना त्याचा कंटाळा येतो. फक्त जुनं सामान चालू आहे की नाही ते उतरवण्याआधी चाचणी घेऊन, फोटो काढून, सही घेऊनच हात लावायचा. नाहीतर दहा वर्षांपूर्वीचा मेलेला सायरनही तुमच्याच नावावर लागतो.

[फाइल उघडून]

ही सध्या हातात असलेली फाइल. ओळ वाचतो: 'ऑक्सिजन सिलिंडर मजबूत बसवावा'. मजबूत! युरोपचं ॲम्ब्युलन्सचं प्रमाणक आहे ईएन १७८९, त्यात बसवलेली वस्तू १० जीचा, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दहापट, धक्का सोसून जागेवर राहिली पाहिजे. १२ किलोचा सिलिंडर म्हणजे ब्रॅकेटवर १२० किलो वजनाइतका ओढा. त्याला मागून पोलादी पट्टी, जाड बोल्ट, आतून आधार, म्हणजे माझ्या हिशोबाने गाडीमागे तीन तास. नुसता पत्र्याला स्क्रू मारायचा तर वीस मिनिटं. दोन्ही कामं बाहेरून सारखीच दिसतात.

म्हणून काल प्रश्न पाठवला: 'सिलिंडरच्या ब्रॅकेटला किती जीची चाचणी लागू आहे, आणि दाखला कुणाचा चालेल?' उत्तर अजून आलेलं नाही. दरपत्रकातली ती एक ओळ मी अजून रिकामी ठेवली आहे.