नऊ धावा बाकी होत्या

मित्रहो, खेळाच्या इतिहासातले अविस्मरणीय क्षण म्हटलं की लॉर्ड्सच्या गच्चीवर विश्वचषक उंचावणारा कपिल देव आठवतो, वानखेडेवरचा धोनीचा षटकार आठवतो. मलाही आठवतात. पण ते तुम्ही इतक्या वेळा पाहिले आहेत की त्यांचं वर्णन मी काय करणार? आज मी तीन मराठी खेळाडूंबद्दल बोलणार आहे. त्यांच्याइतकंच, त्यांच्या आजूबाजूच्या माणसांनी काय केलं तेही मला सांगायचं आहे.

१९५२ साल, हेलसिंकी ऑलिंपिक. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. लाल मातीत घडलेल्या या पैलवानाला गादीची सवय नव्हती, तरी १९४८ला लंडनमध्ये ते सहावे आले होते. आता पुन्हा जायचं, तर खर्चाचा प्रश्न. लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचं राहतं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले! शिष्याची कुस्ती हजारो मैलांवर, आणि घर गुरूने डावावर लावलेलं.

तिकडे काय झालं? जपानच्या इशीबरोबरची लांबलेली कुस्ती खाशाबा हरले आणि लगेच सोव्हिएत मल्लाशी लढायला त्यांना बोलावलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये विश्रांती मिळण्याचा हक्क होता, पण तो मागायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेल्या अंगाने ते पुन्हा उभे राहिले. कांस्यपदक मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याचा रंग वेगळा असू शकला असता, असं मला मनापासून वाटतं. ते परतले तेव्हा गावाकडच्या लोकांनी १५१ बैलगाड्यांची मिरवणूक काढली. अधिकाऱ्यांनी जे केलं नाही, त्याची भरपाई लोकांनी आपल्या परीने केली.

त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. १ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिंपिक, नेमबाज स्वप्नील कुसाळे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस. गुडघ्यावर बसून आणि झोपून नेम साधून झाले तेव्हा तो पहिल्या तिघांत नव्हता. उभं राहून नेमबाजी सुरू झाली आणि तो एकेक पायरी वर चढत ४५१.४ गुणांवर तिसरा आला. त्याच्यामागे नोकरी होती, दीपाली देशपांडे यांच्यासारख्या प्रशिक्षक होत्या. खाशाबांना यातलं थोडं जरी मिळालं असतं तर!

आता आपल्या पुण्याकडे येऊ. डिसेंबर १९४८, पूना क्लबचं मैदान, रणजी सामना. काठियावाडचा डाव २३८ धावांत आटोपला आणि महाराष्ट्राकडून भाऊसाहेब निंबाळकर खेळायला आले. भांडारकरांबरोबर त्यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावा जोडल्या. भांडारकर २०५ करून परतले, भाऊसाहेब खेळतच राहिले. ४९ चौकार, एक षटकार, ४९४ मिनिटं. धावफलक ४ बाद ८२६, भाऊसाहेब नाबाद ४४३. ब्रॅडमनचा त्या वेळचा विश्वविक्रम ४५२. बरोबरीला नऊ धावा हव्या होत्या, पुढे जायला दहा. भाऊसाहेबांना ती दोन-तीन षटकांची बाब होती.

खेळ थांबला आणि पुन्हा सुरूच झाला नाही. काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी सामना सोडून दिला. विश्वविक्रम आपल्याविरुद्ध झाला तर अब्रू जाईल, असं त्यांना वाटलं. मी याला खिलाडूपणा म्हणणार नाही. दिवसभर ऊन्हात चेंडूमागे धावून संघ थकला होता, हे मान्य. पण चार धावांचे जेमतेम तीन फटके बाकी असताना समोरच्या फलंदाजाला अडवणं, हे पराभवापेक्षा मोठं उणेपण आहे. मैदानात उतरून तो विक्रम होऊ दिला असता, तर काठियावाडचं नाव आज आपण आदराने घेतलं असतं.

पुढे १९५९मध्ये हनीफ महंमदने ४९९ केल्या, १९९४मध्ये लाराने नाबाद ५०१. पण प्रथम श्रेणीत चारशेपार गेलेला भारतीय आजही एकच, भाऊसाहेब. आणि या माणसाला एकही अधिकृत कसोटी सामना खेळायला मिळाला नाही. नऊ धावांची हुरहुर मी समजू शकतो, पण निवड समित्यांनी केलेला हा अन्याय मला अजून पटलेला नाही.